रिकाम्या बाटलीचा बाजारहाट

मी सोया सॉसची बाटली बोलतेय. सॉस नव्हे, नुसती बाटली. सॉसला काय, आज आहे उद्या नाही!

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही हजारो बहिणी काळा खारट रस पोटात घेऊन एका पट्ट्यावरून खणखणत निघालो. मग पेट्या, जहाज, गोदाम, आणि शेवटी एका छोट्या घराचा ओटा. तिथली सूनबाई दातांच्या दवाखान्यात काम करते. संध्याकाळी घरी येऊन ती नूडल्स अशा झोकात परतायची की तिच्या हातात उलटं व्हायलाही मला मजा यायची.

होता होता मी संपले. संपलेल्या बाटलीचं पुढे काय होतं, ते तुम्ही जाणताच. पण मागे एकदा सासरेबुवा एकटेच बाजारात गेले आणि भलताच दाट सॉस घेऊन आले. नूडल्स कोळशासारख्या झाल्या. तेव्हापासून घरात नियमच झाला, की रिकामी बाटली नमुना म्हणून सोबत न्यायची आणि तंतोतंत तशीच मिळाली की जुनी कचऱ्यात टाकायची. म्हणजे माझी सवत शोधायला मलाच पाठवत होते!

सासरेबुवा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय ते मीठसुद्धा घेत नाहीत.

आधी सासरेबुवा, सूनबाई आणि मी मोठ्या, थंडगार सुपरमार्केटात गेलो. तिथे आशियाई जिन्नसांना जेमतेम दोन फळ्या. तांदळाच्या नूडल्स एकाच जाडीच्या. तिळाच्या तेलाची बाटली अत्तराच्या कुपीएवढी, आणि किंमतही अत्तराचीच. माझ्यासारखी मात्र एकही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग कोपऱ्यावरच्या काकूंचं दुकान. तिथे माल छतापर्यंत! नूडल्स केसासारख्या बारीक ते पट्ट्याएवढ्या रुंद, नारळाच्या दुधाचे डबे, तांदळाचा व्हिनेगर, आणि सोया सॉस तर अकरा तऱ्हांचे. सूनबाई हरखूनच गेली. आणि तिसऱ्या फळीवर माझी सवत उभी होती. किंमत शहाण्णव.

"बाबा, घेऊन टाकू या ना. इथे सगळंच मिळतंय."

"थांब गं. घाऊकवाल्याकडे बघू आधी. पळून जातेय का बाटली?"

त्यांच्या चिकटपणाला मी मनोमन दंडवत घातला. पण घाऊकवाल्याकडेही सवत होतीच, तीही नव्वदला.

"बघ, सहा वाचले!" सासरेबुवांची कॉलर ताठ झाली.

घरी आल्यावर सूनबाईने मला उचललं. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आतला काळोख मला दिसला, आणि खरं सांगते, मी घाबरले.

"थांब, थांब!" सासरेबुवा ओरडले. त्यांनी आम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवलं आणि चष्मा पुसला. नवीची कंबर माझ्यापेक्षा बारीक होती. माझ्या पोटावर पाचशे मिली लिहिलं होतं, तिच्या पोटावर चारशे पन्नास.

त्यांनी नरसाळं मागवलं आणि तिचा सगळा सॉस माझ्यात ओतला. अहाहा, काय गुदगुल्या झाल्या! पण सॉस गळ्याच्या खाली दोन बोटं थांबला.

सासरेबुवा मटकन खुर्चीत बसले. "शंभर मिलीला वीस पडले. काकूंकडे पाचशेची असती, तर वीसच्या आतच!"

"पाचशेचीच होती. मी वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू देताय कुठे, बाबा!"

"तीस वर्षं लोकांची मापं तपासली," ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आणि स्वतःच मापात फसलो गं!" सूनबाईने हसू दाबलं, पण ते काही दबेना. मग तेही खो खो हसत सुटले. मीही हसले असते, पण पोटात सॉस होता.

"मग ही टाकू का आता?" डोळे पुसत सूनबाईने विचारलं.

"टाकतेस कसली? हे घरातलं माप आहे!"

तेव्हापासून मी ओट्यावरच आहे. नवीन बाटली आली की ती आधी माझ्यात रिकामी होते. तिला डब्याकडे जाताना पाहून वाईट वाटतं, नाही असं नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, जुनी टाकण्याआधी तिच्या पोटावरचा आकडा एकदा वाचत जा. कुणाचा तरी जीव वाचेल.

आज सकाळी काकूंकडची बाटली माझ्यात ओतली. मी गळ्यापर्यंत भरले. टोपण लावताना सासरेबुवा म्हणाले, "शाब्बास!" मला म्हणाले की काकूंना, कोण जाणे. मी आपलं ते माझ्याकडेच ठेवून घेतलं.