प्रफुलचं पांढरं कार्ड

"हे तीन कारडं पाहा म्याडम, अन् माही पोरगी छिनाल आहे का, ते तुमीच सांगा!"

सुगंधाबाईने पदराची गाठ सोडून कार्डं टेबलावर आपटली, तशी दवाखान्यातली रांग माना वळवून पाहू लागली. खैरुनने तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. त्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर कंप्युटर चालवता चालवता खैरुनची अकरा वर्षं गेली होती. सिकलसेलची ही कार्डं तिनेच छापलेली. पांढरं म्हणजे रक्त साफ. पिवळं म्हणजे माणूस धडधाकट, पण रक्तात खोट आहे. लाल म्हणजे आजार. ब्रह्मपुरीकडे लग्न जुळवताना पत्रिका मागाहून, आधी कार्डं समोरासमोर ठेवतात. पिवळ्याला पिवळं द्यायचं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

सुगंधाबाईच्या पुनमचं कार्ड पिवळं. जावयाचं, प्रफुलचं, पांढरं. म्हणून तर चार वर्षांपूर्वी लग्न लागलं. आणि गेल्या महिन्यात त्यांच्या तीन वर्षांच्या रीनाचं कार्ड आलं ते लाल.

"बापबी पिवळा असल्याबिगर लेकरू लाल निंगत नाई म्हन्ते," सुगंधाबाईचा बांध फुटला. "मंग सासू म्हन्ते, बाप दुसराच कोनी आहे. लेकरासकट हाकललं पोरीले. अवं, ढोराले तरी कोनी असं हाकलते का?"

"रडू नका बाई. मी पाह्यते काय झालं तं."

ती गेल्यावर खैरुनने जुनी फाईल उघडली. प्रफुलच्या गावची एकतीस नावं. प्रफुलसमोर 'नॉर्मल'. मग तिने कपाटातून तपासणीची हाती लिहिलेली वही काढली. वहीत प्रफुलसमोर होतं 'वाहक', म्हणजे पिवळं. फाईलमध्ये मात्र ते त्याच्या खालच्या श्रावणच्या नावासमोर जाऊन बसलं होतं. बिचाऱ्या श्रावणचं रक्त साफ, आणि त्या पिवळ्या कार्डापायी दोन ठिकाणची सोयरीक फिसकटलेली.

खैरुनला ही कार्डं छापली तो दिवस आठवला. जिल्ह्याहून फाईलचा नवा नमुना आला होता. गाव आधी, मग नाव, मग वय, निकाल सगळ्यात शेवटी. त्यात काय मोठं! तिने निकालाचा रकाना उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला. ठेवला तो एक ओळ खाली. वर पहिल्या नावासमोरची जागा रिकामी दिसली, ती तिने वहीत पाहून भरली. तळाशी एक निकाल उरला, तो दोनदा आला असेल म्हणून पुसून टाकला. वही हातात होती हो! आणखी दोन नावं ताडून पाहिली असती तर काय बिघडलं असतं? पण कार्डं दुपारच्या जीपने जायची होती, आणि फाईल कशी अगदी आरशासारखी दिसत होती. एकतीस नावं, एकतीस निकाल.

मार्चमध्ये कंत्राट पुन्हा मिळायचं होतं. घरी नवरा, नवाब, कंबर धरून बसलेला. फाईल गुपचूप बंद केली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. वही वाळवीने खाल्ली म्हणूनही खपलं असतं. खोटं कशाला बोला, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"खैरुनबाई, हे मला वर कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "तुमचं कंत्राट राहणार नाही."

"नाई राहिलं तं नाई राहिलं सर. त्या पोरीची अब्रू चालली आहे."

सगळ्या एकतीस जणांना पुन्हा बोलावलं. प्रफुल वाहक निघाला. रविवारी खैरुन त्याला घेऊनच सुगंधाबाईच्या दारात उभी राहिली, आणि कुडापलीकडच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने आपली चूक सांगितली.

पुनम ओसरीवर रीनाचे सुजलेले गुडघे शेकत बसली होती. प्रफुल खाली मान घालून म्हणाला, "चाल पुनम घरी. कारडच गलत होतं."

"कारड गलत होतं, मानलं," पुनम म्हणाली. "तुमी तं रोज घरी होते नं? तुमाले मी नाई दिसली?"

प्रफुल अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

खैरुनला राहवलं नाही. तिने पुनमचे पाय धरले. "माही चूक आहे पोरी. मले शिव्या दे, मार, काईबी कर."

पुनमने पाय मागे घेतले. तिने विचारलं, "तुमचं काम बराबर असतं तं आमचं लगन जुळलंच नसतं नं बाई?"

"नसतं."

"मंग हे रीनाबी नसती."

रीना कण्हली. पुनमने तिच्या केसांवरून हात फिरवला. "मंग तुमाले शिव्या तरी कशा देऊ, सांगा."

तिने दुसरं फडकं खैरुनकडे सरकवलं. "तो गुडघा तुमी धरा. जास्त गरम नोका लावजा, भेते ती."

खैरुनने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आधी आपल्या गालाला लावून पाहिलं, आणि मग हळूच रीनाच्या गुडघ्यावर ठेवलं.