सतरंजीवरची गळाभेट

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. लाल-निळ्या पट्ट्यांची, कडेला थोडी झिजलेली. पण आज मला कुणी म्हातारी म्हणालं तर याद राखा! आज मी इतकी खुशीत आहे की सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैनच पडणार नाही.

माझा जन्म तुरुंगात झाला. दचकलात ना? घाटावरच्या एका मोठ्या तुरुंगात कैदी मागावर बसून सतरंज्या विणायचे. माझा विणकर काम करताना गुणगुणत असे आणि एकेक पट्टा पुरा झाला की मला हाताने थोपटत असे. तो कोण, कशासाठी आत आला होता, हे मला कधीच कळलं नाही. त्याचा हात मात्र फार चांगला होता. इतकी वर्षं गेली, तरी माझी वीण बघा!

तिथून मी आले दोडामार्गजवळच्या एका गावी, रवळनाथाच्या देवळात. सप्त्याला भजन, जत्रेला दशावतार, आणि सारा गाव माझ्यावर मांडी ठोकून! भजनात डुलक्या कोण घेतो, प्रसाद दोनदा कोण घेतो, सगळं मला ठाऊक. पण मला खरा आनंद व्हायचा तो गाऱ्हाण्याच्या वेळी. गावचे मानकरी गुरुदासकाका नारळ हातात धरून देवाला हाक मारायचे, गावाचं एकेक मागणं त्याच्या कानावर घालायचे, आणि दर मागण्यामागून सगळे एका दमात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" माझा धागा न् धागा थरारून जायचा.

त्यात सगळ्यात दणदणीत आवाज निलेशचा. हा केळ्यांचा टेम्पो घेऊन गोव्याला जायचा. त्याच्या मांडीवर त्याची लेक सलोनी बसलेली असे. लोक पांगले की ती चिमुरडी हात जोडून गुरुदासकाकांची नक्कल करी आणि निलेश एकटाच सगळ्या गावाच्या वतीने "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडे. दोघांचं हसणं थांबता थांबत नसे.

मग गावाने प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या. मला गुंडाळून देवळामागच्या खोलीत उभं केलं गेलं. उंदरांनी माझी चव घेऊन पाहिली. माझी कुणालाच आठवण राहिली नाही आणि मीही हळूहळू आशा सोडली.

एक दिवस त्या खोलीचं दार उघडलं. दारात सारिकाताई उभ्या होत्या. या मूळच्या कट्टा गावच्या. जिल्ह्याच्या तुरुंगातले बाप आणि बाहेर राहिलेली त्यांची मुलं यांची गाठ घालून द्यायची, हे त्यांचं काम. इतर दिवशी मुलांना बापाशी जाळीतून बोलावं लागतं. पण गळाभेटीच्या दिवशी मधे जाळी नसते. मूल बापाच्या मांडीवर बसू शकतं. तर या भेटीसाठी त्यांना मोठी सतरंजी हवी होती.

"देवाची सतरंजी तुरुंगात?" एक जण कुरकुरला.

गुरुदासकाका त्याच्यावर उखडलेच. "आमच्या गावचो निलेश थंय आसा, ता इसारलंस? तेच्या चेडवाक, सलोनीक, काय धुळीत बसवतलंस?"

निलेश तुरुंगात! मी घडीतल्या घडीत गार पडले. वाटेत गाडीत सारिकाताईंच्या बोलण्यातून सारं समजलं. केळी उतरवून रिकाम्या क्रेटांखाली त्याने गोव्याची दारू लपवून आणली होती आणि नाक्यावर पकडला गेला होता. बायको दीपिकाने सलोनीला सांगितलं, "बाबा गोयाक कामाक गेलो." आमच्या भागात घराआड एक माणूस कामाला गोव्यात असतो, त्यामुळे सलोनीला ते खरंच वाटलं. तिने तर आईजवळ निरोपही धाडला होता, बाबाने येताना लाल छत्री आणावी म्हणून.

दर रविवारी सारिकाताई मला तुरुंगात पसरत आणि आठदहा बापांना माझ्यावर बसवत. बाप होण्याचा वर्गच म्हणा ना! मुलांशी काय बोलाल, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. एकामागून एक सगळ्यांचं उत्तर तेच, "अभ्यास करतंस मां?" ताईंनी कपाळाला हात लावला. "ह्या सोडून बोला!" मग हे दांडगे बाप गोष्टी सांगायला शिकले, माडाच्या पातीची पिपाणी करायला शिकले आणि ऐकून घ्यायलाही शिकले. मधल्या दिवसांत ताई देवगडपासून दोडामार्गपर्यंत घरोघरी फोन लावत, कुणाला कुठली एसटी सोयीची ते बघत, तुरुंगाच्या साहेबांकडून परवानग्या काढत. त्यांचा फोन कानापासून सुटतच नसे.

निलेश मात्र गप्प असायचा. एकदा सगळे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, सलोनीक म्हायत नाय मी हंय आसंय. तसाच ऱ्हवांदे. खरा कळला तर ती माझ्याकडे येवची नाय."

"आणि शाळेत दुसऱ्या कोणी सांगितल्यान तर?" ताई म्हणाल्या. "तुझ्या तोंडातसून आयकूक नको तिना?"

निलेशने माझी दुमडलेली कड हाताने सरळ केली. म्हणाला, "मीच सांगतंय."

आणि आज तो दिवस उजाडला! मला उन्हात झटकून अंगणात पसरलं. तुरुंगाचा दरवाजा उघडला आणि मुलांची झुंड धावत आत आली, मागून त्यांच्या आया. काय सांगू मित्रांनो! कुणी बापाच्या गळ्याला लटकलं, कुणी पाठीवर चढलं. देवगडचा एक बाप इतका गोंधळला की लेकाला मिठी मारून पहिलं वाक्य बोलला, "अभ्यास करतंस मां?" सगळं अंगण खो खो हसलं. तोही हसला आणि मग रडला.

बाबाला भेटायला जायचंय, एवढंच आईने सांगितलेली सलोनी सुसाट आली. निलेशने तिला उचलून गरागरा फिरवलं. खाली टेकताच तिने हात पुढे केला.

"बाबा, माझी लाल छत्री खंय?"

माझा जीव धाग्याला टांगला. निलेश गुडघ्यांवर बसला.

"छत्री नाय हाडलंय गो. मी गोयाक नाय होतंय. हो तुरुंग आसा. मी टेम्पोतून दारू हाडलंय, म्हणून माका हंय ठेवल्यानी. चुकी माझी. आणि तुका खोटा सांगितला, ती पण चुकी."

"माझी पण," दीपिका पुटपुटली.

सलोनीचा चेहरा पडला. "मी शाळेत सगळ्यांका सांगलंय, माझो बाबा गोयाक आसा!" एवढं बोलून ती माझ्या पार टोकाला जाऊन पाठ फिरवून बसली आणि माझ्या काठाचा लाल धागा ओढू लागली. दुखलं मला, पण म्हटलं, ओढ बाई, हवा तेवढा ओढ. निलेश तिच्यामागे गेला नाही. होता तिथेच बसून राहिला. ऐकून घ्यायला शिकला होता ना तो!

धागा सुटत गेला, वेळ सरत गेला. "पाच मिनिटां ऱ्हवली," दारावरचे हवालदार म्हणाले. तरी ती वळेना. आता ही अशीच जाणार, आणि निलेश पुढच्या भेटीपर्यंत झुरणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात सलोनी उठली. बोटाला लाल धागा गुंडाळलेला. ती माझ्या मधोमध येऊन उभी राहिली, हात जोडले आणि थेट गुरुदासकाकांच्या सुरात ओरडली, "बा देवा रवळनाथा म्हाराजाऽऽ!"

सगळं अंगण तिच्याकडे वळलं.

"आज ही सगळी पोरां आपापल्या बापाशीक भेटूक इली हत रे म्हाराजा..."

मग निलेशचा आवाज, चिरकलेला, ओला. "व्हय म्हाराजा!"

"माझो बाबा माझ्याकडे खोटा बोललो. तेका पुन्ना तशी बुद्धी देव नको रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" आता सगळे बाप, सगळ्या आया, सगळी मुलं!

"आणि तेका बेगीन घराक हाड. छत्री नसली तरी चलात रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" सारिकाताई, साहेब, हवालदारसुद्धा! भिंती दणाणल्या. देवळात कधी आला नव्हता असा काटा माझ्या अंगावर आला. सलोनी धावत निलेशच्या कुशीत शिरली आणि त्या दोघांचं सगळं वजन माझ्यावर पडलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मुलं गेल्यावर निलेशने ताईंकडे सुईदोरा मागितला. लाल दोरा नव्हता, मग निळ्याच दोऱ्याने त्याने माझा उसवलेला काठ शिवला. टाके वाकडेतिकडे आहेत, पण पक्के आहेत. माझ्या विणकराने पाहिले असते तर त्यालाही आवडले असते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी गुंडाळून पडली असेल तर तिला बाहेर काढा, ऊन दाखवा, उसवली असेल तिथे टाका घाला. आणि आणखी एक मागणं आहे. सोमवारी सलोनी शाळेत जाऊन सगळ्यांना खरं सांगणार आहे, तसं तिने जाताना बाबाला सांगितलंय. तुमच्या वर्गातही अशी एखादी सलोनी असेल. तिला चिडवू नका. थोडं सरकून तिला तुमच्या शेजारी बसायला जागा द्या.

द्याल ना? तर मग म्हणा बघू, इथे अंगणात मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने!