चिंगीच्या दुधातली हडळ

ओवे गावाबाहेरच्या वीटभट्टीवर दर शुक्रवारी गोरखबाबाचा दरबार भरायचा. त्या दिवशीही सगळी भट्टी हातावरची माती न धुता त्याच्यासमोर गोळा झाली होती. बाबाने पांढऱ्या बशीत पाणी ओतलं, चिमूटभर भंडारा टाकला, वर समोरच्या आईने वाटीत आणलेल्या दुधाचे चार थेंब सोडले आणि अंगठ्याने ढवळायला लागला.

"ओम फट खाट, हडळीची वाट, दाव गं दाव!"

पिवळं पाणी बघता बघता लाल झालं. बायांनी तोंडाला पदर लावला. हा मंत्र कोणत्या वेदातला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"दूद बाटलंय!" बाबा गरजला. "हडळीनं तोंड लावलंय. हे पाजलंस तर पोर हातचं जाईल. बाटलीनं साखरपानी दे, त्यात माजा अंगारा."

दूध चिंगीचं होतं. तिचा रूपेश चार महिन्यांचा, गुटगुटीत, हाक मारली की मान वळवून खुदकन हसणारा. फक्त दोन दिवस तो रात्री किरकिरला होता, तेवढ्यासाठी ती बाबाकडे आली होती.

आठ दिवसांत रूपेशचं हसू गेलं. जुलाब लागले, टाळू खोल गेली. पनवेलहून येणाऱ्या शशिकला नर्सबाईंनी त्याला झोळीच्या काट्यात घातलं आणि त्यांचा आवाजच चढला.

"सहा किलोवरून साडेपाचावर आलाय! काय देतेस याला?"

"साखरपानी. माजं दूद वाईट हाय."

"आईचं दूध वाईट नसतं, चिंगी. जुलाब त्या बाटलीने लागलेत. याला तुझंच दूध हवं, आणि ही क्षारसंजीवनीची पुडी, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून. अंगावर पाजत राहा, जितकं ओढेल तितकं दूध उतरेल."

नवरा देवजी मात्र आडवा आला. "सगल्यांनी लाल बगितलंय. पाजशील तर बग!"

चिंगी रूपेशला काखेला मारून रडत ओढ्यावर गेली. रूपेशच्या झबल्यावर बाबाने भंडारा माखला होता, तो धुवायचा होता. साबणाची वडी लागली आणि पिवळा डाग लालभडक झाला. तिच्या हातून झबलं सुटलं. पाण्यात खळबळलं तर डाग पुन्हा पिवळा. साबण लावला, पुन्हा लाल. भंडारा म्हणजे हळदच की! आता तिची भीती गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. साबणाच्या वडीत हडळ कुठून येईल?

तिने तिथेच दगडावर बसून रूपेशला पाजलं. देवजीला काय करायचं ते करू दे.

पुढच्या शुक्रवारी नर्सबाईही आल्या होत्या. जुलाब थांबलेल्या रूपेशला पाठीशी बांधून चिंगीने सगळ्यांसमोर वाटी पुढे केली.

"बाबा, हडळ गेली का बगा."

फट खाट झालं, अंगठा फिरला, बशी लाल. बाबा डोळे फिरवत ओरडला, "चोरून पाजलंस! हडळ दुप्पट झाली दुदात!"

"कुटल्या दुदात?" चिंगीने वाटी उंच धरली. "ही भाताची पेज हाय. सकालीच रांदलीय!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा बशी उचलून उठायला लागला, तोच तिने त्याचं मनगट पकडलं आणि अंगठा वर केला. नखात पांढरं काहीतरी भरलेलं होतं. नर्सबाईंनी ते काडीने काढून बघितलं.

"चुना आहे. साबणासारखाच हळदीला लाल करतो. देवजी, तुझी तंबाखूची डबी दे."

बशीत नवं पाणी, नवा भंडारा. देवजीच्या डबीतला चुना देवजीनेच बोटाने ढवळला. ना मंत्र, ना दूध, तरी बशी लाल. देवजी आपल्या बोटाकडे बघत राहिला, मग खाली मान घालून म्हणाला, "चिंगे, पाज त्याला." चिंगी बाबासमोरच मांडी घालून बसली आणि तिने रूपेशला पदराखाली घेतलं.

बाबा वाटेला लागणार तोच एक बाई त्याच्या समोर येऊन उभी राहिली. ती मालू. शिमग्याला तिची दोन महिन्यांची मुलगी गेली होती.

"माजं पन लाल केलं व्हतंस," ती म्हणाली. "मी पाजलं नाय. पोरगी छातीशी तोंड आनायची, मी ढकलायची." मग ती नर्सबाईंकडे वळली. "बाई, माजं दूद चांगलं व्हतं?"

नर्सबाईंना हो म्हणवेना आणि खोटंही बोलवेना. त्यांनी मालूचा हात घट्ट धरला.

या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ पुन्हा कुणावर येऊ नये. म्हणून पुढच्या वेळी बशी लाल झाली, तर हात जोडण्याआधी ढवळणाऱ्याचा अंगठा बघा.