आतली मांडणी

"अहो, कोंबड्या बसायच्यात त्या दांडीवर. नवरदेवाचा पलंग नाही करत आपण!"

मामी मागच्या पायरीवर बसून ओरडल्या. परसातल्या खुराड्यातून दुपारपासून एकच आवाज येत होता, पॉलिश कागदाचा. खस्स, खस्स, मग एक फुंकर, पुन्हा खस्स.

"कुणाच्या पायात कूस गेलं म्हणजे?" आतून मामा म्हणाले.

"जन्मभर उकिरडे उकरणारे पाय ते. त्यांना काय होतंय!"

पण मामांचा हात थांबेना. फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात लाकडाला पॉलिश करण्यात घालवली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या टेबलात बघून कामगार भांग पाडायचे, म्हणून सगळे त्यांना आरसेमामा म्हणत, आणि त्या नात्याने बायको झाली सगळ्यांची मामी.

खुराडं गवंड्याने उभं करून दिलं होतं. तीन बाजूंनी वीट, समोर जाळी, आणि माणूस जरा वाकून उभा राहील एवढी उंची. आतली मांडणी मात्र मामींच्या हाताने व्हायची होती. डोळ्यांनी होण्यासारखी नव्हतीच. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांची नजर विझत गेली होती. दिवस मावळताना घर दिसेनासं होतं तशी, आधी कोपरे, मग भिंती, मग माणसं. आणि नजरेच्या मागोमाग घरातली एकेक गोष्ट त्यांच्या हातून गेली. सुरी गेली, काडेपेटी गेली, उतू जाणारं दूध गेलं. "असू दे, मी करतो," असं मामा म्हणायचे ते मायेनेच. मामी रिकामे हात मांडीवर ठेवून बसायच्या. आणि एक दिवस त्या म्हणाल्या, मला कोंबड्या हव्यात. माहेरी कोंबड्या पाळण्यातच त्यांचं लहानपण गेलं होतं.

"पण अंडी मी काढणार," त्यांनी बजावलं होतं. "माझ्याऐवजी तुम्हाला एकदा जरी आत जावं लागलं, तर कोंबड्या धाकटीला परत. दुसऱ्याने केलेलं ऐकत बसायला मला हे घर आहे की."

म्हणून त्या आत हात पसरून उभ्या राहिल्या होत्या आणि तळवा टेकेल तिथे मामा पेन्सिलीची खूण करत गेले होते. कमरेच्या उंचीवर जुन्या कपाटाचे खण, त्यांत पेंढा; ही अंडी घालायची जागा. कोपऱ्यात साखळीला टांगलेलं पाण्याचं भांडं. खाली पायाला मऊ लागेल असा भुसा. आणि खणांच्या वर, समोरच्या भिंतीजवळ, झोपायची दांडी.

"दांडी वरच हवी," मामी म्हणाल्या होत्या. "कोंबडीला उंच झोपायचं असतं. उंचावर जागा नसली की त्या खणातच झोपतात, आणि झोपेत सगळं घाण करून ठेवतात."

संध्याकाळी मामींची धाकटी बहीण खोक्यातून चार कोंबड्या घेऊन आली. तिने आत डोकावून पाहिलं आणि हसत सुटली.

"भाऊजी, दांडी दिवाणखान्यात लावा! खुराड्यात काय करताय?"

"चेष्टा नको. हात फिरवून बघ."

"ताई, जमेल ना गं तुला? नाहीतर अंडी देत जाईन की मी."

"अंडी नकोयत मला," मामी म्हणाल्या आणि खोक्यात हात घातला. एकेकीला उचलून, पिसांत बोटं खुपसून त्यांनी बघितलं. जी सगळ्यांत जड आणि हातात धरताच खेकसली, तिचं नाव सासूबाई. जिची छाती धडधडत होती ती घाबरट. जिला मान स्थिर ठेवता येईना ती भवानी. एक काहीच बोलली नाही, ती मुकी.

अंधारायला लागलं तशी सासूबाईने दांडीवर उडी घेतली आणि धप्प. पुन्हा चढली, नखं खरडली, पुन्हा धप्प. मामांना जाळीतून नीट दिसलं नाही. त्यांना वाटलं, नवी जागा आहे, बिचकत असतील.

सकाळी मामी एकट्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भरला होता. विष्ठा, पेंढा आणि फुटलेल्या अंड्याचा बलक. त्या नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"धाकटीला निरोप द्या," त्या म्हणाल्या. "घेऊन जा म्हणावं."

"अगं, एका रात्रीत काय ठरवतेस? उंची तर बरोबर आहे ना?"

"उंची बरोबर आहे. तुम्ही तुमच्या दांडीला कधी हात लावलाय?"

"मी? मी नाही लावला तिला हात?"

"पुसायला नव्हे. धरायला. आत्ता आत मी तोल जाऊन ती धरली, तर माझाच हात सटकला. त्या बिचाऱ्या कशाने धरतील? तुम्ही दांडी बघायला केलीत हो."

मामा आत गेले. दांडी उन्हात झळकत होती. लाखेचे थर एकावर एक मुरले होते, कुठे रेघ नाही, डाग नाही. आयुष्यात त्यांच्या हातून याहून चांगलं काम झालं नव्हतं. आणि त्यावर नखांचे चार-सहा लांबट ओरखडे होते, धरायला काहीच न मिळाल्याचे.

त्यांनी दांडी सोडवून बाहेर आणली, मांडीवर आडवी घेतली, कानस उचलली. हात चालेना. आयुष्यभर जे ओरखडे मागे लागून मिटवले, ते आता आपणच पाडायचे.

"द्या इकडे," मामी म्हणाल्या.

'असू दे' हे शब्द मामांच्या ओठापर्यंत आले. ते त्यांनी गिळले आणि कानस मामींच्या हातात दिली. स्वतः दांडीची दोन्ही टोकं घट्ट धरून बसले.

मामींनी एका टोकापासून सुरुवात केली. डाव्या हाताच्या बोटांनी पुढे बघायचं, उजव्याने घासायचं. पॉलिशची साल पिवळ्या भुकटीसारखी उडू लागली आणि खालून लाकूड उघडं पडलं, फिकट, खरखरीत.

"बोट सांभाळ," मामा म्हणाले.

"तुम्ही टोक सांभाळा."

घाण झालेला पेंढाही मामींनीच उपसला. खण चाचपून पुसले, नवा पेंढा भरला, मुठीने मधोमध खळगे केले. त्या दिवशी मामांनी फक्त दांडी परत बसवली.

सांजावलं तेव्हा दोघंही आत उभी होती, भिंतीला पाठ लावून. मग मामी अगदी हलक्या आवाजात म्हणू लागल्या, जणू कुणाला जोजवत होत्या:

"एक आली, दणकत आली. दुजी आली, दचकत आली. तिजी आली मिरवत, चौथी आली... थांबा, चौथी अजून खालीच आहे."

मामा डोळे फाडून बघत होते, त्यांना काळोखात नुसते उंचवटे दिसत होते. भुशात पावलं वाजली. पंखांचा एक झपाटा झाला.

"आली," मामी म्हणाल्या.

त्यांनी मामांचा हात धरला आणि सासूबाईच्या पोटाखाली नेला. पिसांच्या आत इतकी ऊब असेल याची मामांना कल्पना नव्हती. त्या उबेच्या तळाशी त्यांच्या बोटांना कोंबडीची बोटं लागली. लाकडाभोवती मिटलेली. घट्ट.

"बसली की आपोआप मिटतात," मामी कुजबुजल्या. "ती झोपते, पण पकड झोपत नाही."

मामांनी श्वास रोखला. एवढं लाकूड त्यांनी घडवलं, गुळगुळीत केलं, उजळलं. लोक त्यात तोंड बघून पुढे गेले. असं जीव टाकून त्यांचं लाकूड आजवर कुणी धरलं नव्हतं. त्यांना हात काढवेना.

सकाळी जाग आली तर शेजारचं अंथरूण रिकामं. मामा परसात धावले आणि जाळीपाशी थबकले. आत मामी खणावर वाकल्या होत्या. एक खण, दुसरा खण. मुकीच्या खाली हात घातला, थांबल्या, तसाच मोकळा हात बाहेर काढला आणि तिला म्हणाल्या, "बस बाई, घाई नाही."

त्या बाहेर आल्या त्या वाटीत तीन अंडी घेऊन. मामा भिंतीला चिकटून उभे राहिले, पाय न वाजवता, वाट सोडून. मामी त्यांच्या अगदी जवळून गेल्या, ताठ, वाटी छातीशी धरून, आणि स्वयंपाकघरात शिरल्या. थोड्या वेळाने भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग काडी ओढल्याचा.

मामा जागचे हलले नाहीत. मग काय मनात आलं कोण जाणे, ते खुराड्यात शिरले, दार ओढून घेतलं आणि डोळे मिटले. इथलं सगळं त्यांनीच तर ठोकलं होतं. हात पुढे केला तर भिंत भलत्याच बाजूला लागली. वळले तर दांडी कपाळावर बसली. मागे सरकले तसं पाण्याचं भांडं हिंदकळून पाय भिजला आणि सासूबाईने शिव्यांची लाखोली वाहिली. पाचही पावलांची जागा नव्हती ती, आणि त्यांना दार सापडेना. याच अंधारात ती आत्ता वाकली होती, प्रत्येकीच्या पोटाखाली हात घालून आली होती. एक अंडं न फोडता.

ते डोळे मिटूनच चाचपडत राहिले. उघडावेसे वाटेनात.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

"कडी डावीकडे आहे."