दहाव्या प्रश्नाची घाई

आतड्याच्या जुनाट दुखण्यावर पुढे कशाकशाचं संशोधन करायचं, हे ठरवायला डॉक्टरांनी यंदा रोग्यांनाही बोलावलं होतं. उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं. डॉक्टर नऊ, रोगी सहा, प्रश्न दहा. त्यातले नऊ ठरले होते, आणि एकेक असा जडजंबाल की वाचूनच पोटात कळ यावी.

दहावा त्या रोग्यांतल्या एका बस-ड्रायव्हरचा होता. लागली की दोन मिनिटं धरवत नाही, ती घाई अर्धा तास कशी थोपवायची? या घाईपायीच त्याची बस सुटली. दोन वर्षं तो डेपोच्या खिडकीत बसून पास देत होता आणि बाहेर कंडक्टरची निघायची डबल बेल वाजली की त्याचा पाय आपोआप दाबला जायचा. उपाय निघाला तर बस परत मिळणार होती. तीन आठवडे तो बायकोपुढे भाषण घोकत होता. ती म्हणायची, "लाज सोडा, पण भाषा सांभाळा."

सभा भरवणाऱ्यांची अक्कल बघा. संडास एक, सुट्टी तीन तासांनी आणि चहा मात्र दर अर्ध्या तासाला.

दहाव्या प्रश्नाची हाक आली आणि नेमकी ड्रायव्हरलाही लागली. तो धूम पळाला. दाराबाहेर चार रोगी आधीच पाय आवळून उभे होते. बिचाऱ्यांनी त्याला पुढे जाऊ दिलं.

सभेची खोली भिंतीला लागूनच होती, त्यामुळे आत बसून त्याला सगळं ऐकू आलं. मोठ्या डॉक्टरांनी हात मोजले. "बाजूने तीन, विरुद्ध सात. प्रश्न बाद."

तीन आठवड्यांचं भाषण घशात आणि विजार गुडघ्यांवर. ड्रायव्हरला रडू फुटलं.

तेवढ्यात सोबत येऊन मागच्या खुर्चीत बसलेल्या बायकोचा आवाज आला. "डॉक्टरसाहेब, रोगी सहा बोलावले होते ना? खोलीत किती आहेत?"

"एक."

"बाकीचे का उठून गेले, ते तुम्हीच सांगा."

मग खुर्च्या सरकल्या आणि सगळी सभा कागद घेऊन संडासापुढे आली. पुन्हा हात वर झाले. आधीचे तीन आणि रांगेतले चारही. विरुद्धचे सात मात्र ढिम्म होते.

"सात-सात," मोठे डॉक्टर म्हणाले आणि बंद दाराजवळ आले. "ड्रायव्हरसाहेब, तुमचं मत?"

ड्रायव्हरने डोळे पुसले, हात लांब केला आणि आतून दारावर दोनदा ठोकलं. डबल बेल.