किसणी

उत्कर्षाचं पत्र मला आलं त्याला अकरा वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही.

तेव्हा मी कोथरूडच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. नववीच्या पेपरात रूपक अलंकाराचं स्वतःचं उदाहरण विचारलं होतं. स्वतःचं म्हणजे माझ्या अलंकारांच्या पुस्तिकेतलं, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. पुस्तिकेत होतं, 'आई म्हणजे मायेचा सागर.' उत्कर्षाने लिहिलं, 'माझ्या आईचे हात किसणी आहेत.' मी शून्य दिलं आणि शेरा लिहिला, 'आईला हे शोभत नाही.'

चार दिवसांनी तिचं पत्र आलं. 'सर, आई पाच घरची भांडी घासते. तिने गालावरून हात फिरवला की ओरखडतं. तरी मी गाल मागे घेत नाही. मग त्या हातांना काय म्हणायचं?' खाली वारज्याचा पत्ता.

'किसणीसारखे' लिहिलं असतं तर ती उपमा झाली असती. हात वेगळे, किसणी वेगळी. तिने मधलं अंतरच पुसलं होतं. रूपक ते हेच. हे मला तेव्हाही कळलं होतं. माझा सागर मात्र मी दुसऱ्या कुठल्या पुस्तिकेतून उचललेला.

परवा नारायण पेठेत माझे प्रकाशक नागोराव यांच्याकडे गेलो. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघत होती.

"सागर काढायचा आहे," मी म्हणालो.

"काढा. त्या जागी काय?"

उत्कर्षाचं वाक्य आणि तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी मी पुढे केली. त्यांनी ती वाचली.

"अहो सर, पुस्तक अलंकारांचं आहे. भांड्यांचं दुकान नाही."

"हेच जाईल."

"वीस वर्षांत आपण एक स्वल्पविराम बदलायला सांगितला नाहीत. पालक विचारतील."

"मी सांगेन त्यांना."

"आणि मी नाही छापलं तर?"

"मग वरचं माझं नाव काढा."

नागोरावांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, या वेळी सावकाश.

"पंधरा दिवस थांबतो. मुलीची लेखी परवानगी आणा."

पत्ता जुना, म्हणून बसने वारज्याला जाऊन पाहून आलो. दारावर अजून तिच्या आईचं, सुंदराबाईंचं नाव होतं. बेल वाजवायचा धीर झाला नाही.

घरी येऊन पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. तिन्हींत परवानगी आधी आणि चूक नंतर आली होती. चौथ्यावर लिहिलं, 'तुझं उदाहरण बरोबर होतं. शून्य मी चुकून दिलं.' मग 'चुकून' खोडलं. 'तुझं वाक्य तुझ्या नावाने छापायचं आहे. नको म्हणालीस तर ती जागा कोरी राहील, सागर परत येणार नाही.'

कोथरूडच्या पोस्टात रांगेत दोनदा मागे सरकलो, लोकांना पुढे जाऊ दिलं. तिसऱ्यांदा खिडकीशी गेलो.

"स्पीड पोस्ट," मी म्हणालो आणि पाकीट आत सरकवलं.