मूठभर कोंड्याची पोर

“पोर कुठंय?” सुनंदाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“माले पोर नई शे, बाई.” पाचटाच्या कोपीचं दार ताईबाईने अंगाने अडवून धरलं होतं.

यावलकडच्या एका साखर कारखान्यामागे ऊसतोड्यांच्या शंभरेक कोप्या होत्या. उपकेंद्राच्या नर्स म्हणून सुनंदाबाई सोळा वर्षं त्या पालथ्या घालत होत्या. गेल्या महिन्यात या बाईचे दिवस भरत आले होते. आता पोट सपाट, आणि चोळी मात्र दुधाने ओली. मागच्या हंगामात अशीच एक नुकती जन्मलेली मुलगी एकाएकी नाहीशी झाली होती आणि कोणी ब्र काढला नव्हता. ही बाईही त्यातलीच, असं सुनंदाबाईंच्या मनाने घेतलं.

“मुलगी झाली म्हणून काही केलंस का? पोलिसांना सांगावं लागेल मला.”

“सांगा.” ताईबाई नजरेला नजर देईना.

तेवढ्यात शेजारच्या कोपीतून क्षीण रडणं ऐकू आलं. सुनंदाबाई तरातरा तिकडे शिरल्या. पन्नाशी उलटलेली बेबाबाई मांडीवर तान्ही मुलगी घेऊन बसली होती.

“मनी शे,” ती म्हणाली.

“या वयात? मला शिकवता का, अक्का?”

बेबाबाईने आवाज खाली आणला. “तिना दोन मरी ग्यात. म्हनीसन हाई तिनी माले मूठभर कोंडामा इकी दिधी. ती नुसती दूध पाजस. माय मी.”

मूल विकून टाकलं की काळ फसतो, ही समजूत सुनंदाबाईंनी ऐकली होती. आपण काय संशय घेतला या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुलीचे पाय गार पडले होते आणि छाती धपापत होती.

“आत्ताच्या आत्ता जळगावला न्यायची. ताईबाई, तूही चल, तिला दूध लागेल.”

“तुम्ही कागदवर मनं नाव लिखशात.” ताईबाई जागची हलेना.

“नाही लिहिणार.”

दवाखान्यात आईचं नाव म्हणून सुनंदाबाईंनी स्वतः बेबाबाईचं नाव सांगितलं. नोकरीत त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या. लिहिणाऱ्याचा हात थांबेपर्यंत ताईबाई तिथून हलली नाही. दोन दिवस ती पोरीला पाजायची आणि लगेच बेबाबाईकडे द्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली. वॉर्डातल्या आयाबाईने कापडात गुंडाळून तिला बाहेर आणलं.

“आई कोण?”

बेबाबाईने हात पुढे केले. ताईबाईने ते बाजूला सारले.

“मी शे तिनी माय.”

पोरीला छातीशी धरून ती पायऱ्या उतरली. बाहेर ऊन रणरणत होतं. तिने पदर ओढून पोरीच्या तोंडावर सावली धरली.